झोपेआधीचा पेला: भिवंडीच्या वाटेवर दूध, जायफळ आणि खसखस

१/ रात्रीची जेवणे आटोपतात, पातेल्यात दूध तापू लागते, सहाणेवर जायफळाचे दोन-तीन वेढे उगाळले जातात आणि घरात ज्याला झोप येत नाही त्याच्या हाती तो पेला दिला जातो. मराठी घरांत हा उपाय इतका परिचित आहे की त्यालाही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः या पेल्यातील प्रत्येक जिन्नस वेगळ्या काळी आणि वेगळ्या वाटेने आला. त्यांपैकी बऱ्याच वाटा ठाणे जिल्ह्यातील भिवंडीच्या आसपास एकत्र येतात. भिवंडी हे यंत्रमागांचे, रात्रभर जागणारे शहर. झोपेच्या पेयाचा इतिहास सांगण्यासाठी म्हणूनच हे गाव निवडले आहे. (थ्रेड)

२/ प्रथम गावाची ओळख. भिवंडी कामवारी नदीकाठी वसली आहे. उल्हास नदीच्या खाडीपलीकडे दहा-बारा किलोमीटरवर कल्याण. ख्रिस्ताब्दाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा बंदर म्हणून उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने नोंदलेली आहेत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत मराठ्यांची जहाजबांधणी सुरू झाली. दुसरीकडे मुंबईहून निघणारा आग्रा रोड भिवंडीवरून नाशिक, मालेगाव, धुळे, इंदूर असा उत्तरेस जातो. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला हिंदुस्थानचा अंतर्भाग, अशी ही जागा आहे. पुढील कथेत या दोन्ही वाटा लागतील.

३/ आता पेल्याकडे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ म्हणून सांगितले आहेत. म्हणजे झोपेला तेथे अन्नाच्या बरोबरीचे स्थान आहे. याच स्थानाच्या एकविसाव्या अध्यायात नष्ट झालेली झोप परत आणण्याचे उपाय येतात: अंगाला तेल लावणे, स्नान, मांसरस, दह्यासह भात, दूध, स्निग्ध पदार्थ, मद्य, मनाचे सुख, आवडते गंध, आवडते ध्वनी, अंग रगडणे. या यादीत दूध आणि मद्य शेजारी बसले आहेत, ही लक्षात ठेवण्याजोगी बाब. झोपेसाठी काय प्यावे, या प्रश्नाची दोन उत्तरे आरंभापासूनच सोबत चालत आली आहेत.

४/ आणखी सहा अध्यायांनी, अन्नपदार्थांच्या गुणवर्णनात, चरकसंहिता दुधांची तुलना करते. म्हशीचे दूध गाईच्या दुधापेक्षा जड, अधिक थंड आणि अधिक स्निग्ध. म्हणून ज्यांना झोप येत नाही आणि ज्यांचा जठराग्नी फार प्रखर आहे त्यांना ते हितकर, असे तेथे म्हटले आहे. ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात ही नोंद विशेष रोचक ठरते. मुंबई आणि तिच्या परिसराचे दूध प्रामुख्याने म्हशीचे. भिवंडी-कल्याण पट्ट्यात आजही म्हशींचे तबेले आहेत आणि कल्याणमध्ये दूधनाका नावाची वस्ती आहे. निद्रानाशासाठी ग्रंथाने सुचवलेले दूध या भागात रोजचेच दूध आहे.

५/ मात्र चरकाच्या झोपेच्या यादीत जायफळ नाही. जायफळ त्या ग्रंथात येते ते अन्यत्र, तोंडाला सुवास राहावा म्हणून सुपारी आणि लवंगेच्या सोबतीने तोंडात धरण्याचा पदार्थ म्हणून. पुढील काळातील वैद्यक परंपरेत त्याचे अनेक उपयोग वाढत गेले. याचा अर्थ असा की ‘जायफळ घातलेले दूध’ ही एका क्षणी जन्मलेली प्राचीन कृती नाही. दूध जुने आहे. जायफळ नंतर त्याच्याजवळ आले. ‘आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहे’ असे ज्याविषयी म्हटले जाते त्याचे थर असे सोडवून पाहावे लागतात.

६/ जायफळ आले कोठून? ज्या वृक्षाचे हे फळ, तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत व्यापारी प्रमाणात पृथ्वीवर एकाच ठिकाणी पिकत असे: आजच्या इंडोनेशियातील बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर. सह्याद्रीच्या जंगलात त्याचा एक भाऊबंद आहे. त्याची जायपत्रीसारखी साल ‘रामपत्री’ म्हणून मसाल्यात पडते. पण तिला खऱ्या जायपत्रीचा सुगंध नाही. बांदाचे जायफळ जावा, मलाक्का अशा बंदरांतून हात बदलत हिंदी महासागराच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येई. एका फळामागे हजारो मैलांचा प्रवास असल्याने ते महाग होते, आणि महाग असल्यामुळेच ते उगाळून, वेढे मोजून वापरले जाई. सहाणेची पद्धत ही काटकसरीचीही पद्धत आहे.

७/ या व्यापाराचा एक उत्तम साक्षीदार कोकण-गोव्यातच होता. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यास आला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. मुंबईचे बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवर त्याने संवादरूपात लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात जायफळ आणि जायपत्री यांवर स्वतंत्र संवाद असून हे फळ बांदा येथून येते असे त्याने नोंदवले आहे. अफू आणि भांग यांवरही त्याने लिहिले आहे. आयुष्यभर वैद्यकी केलेल्या या माणसाच्या अस्थी मृत्यूनंतर, १५८० मध्ये, धर्मसमीक्षण सभेने उकरून जाळल्या; कारण त्याचे मूळ ज्यू होते.

८/ भांगेवरील संवादात ओर्ताने एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. पूर्वीचे मोठे सेनापती दारू किंवा अफूबरोबर भांग घेत. कामाचा शीण उतरावा, चिंता विसरावी आणि झोप यावी हा त्यांचा हेतू, कारण दीर्घ जागरणे त्यांना छळत असत. भांगेत मिसळल्या जाणाऱ्या जिनसांत तो जायफळ आणि जायपत्रीही सांगतो. सोळाव्या शतकात सत्ताधीशांनासुद्धा झोप सहजी येत नव्हती, आणि झोप आणणाऱ्या द्रव्यांची एक संपूर्ण श्रेणी समाजाला ठाऊक होती: एका टोकाला दूध, दुसऱ्या टोकाला अफू. जायफळ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभे होते.

९/ पुढच्या शतकात या फळासाठी रक्त सांडले. १६२१ मध्ये यान पीटरझून कून याच्या नेतृत्वाखाली डच ईस्ट इंडिया कंपनीने बांदा बेटे जिंकली. बेटांवरील सुमारे १५,००० लोकांपैकी बहुतेक मारले गेले, उपासमारीने मेले, पळाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. तेथे हजाराच्या आसपासच उरले, असा अंदाज केला जातो. मग कंपनीने गुलामांकरवी जायफळाच्या बागा चालवल्या. बांदापैकी रून या बेटावर इंग्रजांचा हक्क होता. १६६७ च्या ब्रेडा येथील तहात तो डचांकडे गेला आणि इंग्रजांनी १६६४ मध्ये घेतलेले मॅनहॅटन त्यांच्याकडे राहिले. शांत झोपेसाठी उगाळल्या जाणाऱ्या फळाची ही बाजू सहाणेवर दिसत नाही.

१०/ त्याच काळी इंग्लंडमध्येही झोपण्यापूर्वी जायफळ घातलेले गरम दूध पिण्याची चाल होती. त्यास ‘पॉसेट’ म्हणत. फरक इतकाच की त्या दुधात वाइन किंवा एल नावाची बिअर ओतून ते फाडत. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये राजाच्या पहारेकऱ्यांच्या पॉसेटमध्ये लेडी मॅकबेथ गुंगीचे औषध मिसळते, ते झोपतात आणि राजाचा खून होतो. येथे झोपेच्या पेयाचे दोन भिन्न उपयोग स्पष्ट दिसतात. एक, थकलेल्या माणसाने स्वतःच्या विश्रांतीसाठी घेतलेला पेला. दुसरा, आपले काम साधावे म्हणून दुसऱ्याला झोपवण्यासाठी दिलेला पेला. हा भेद पुढे मुंबईच्या गिरणगावात पुन्हा भेटेल.

११/ ठाणे जिल्ह्यात रात्रीच्या पेयाचा दुसरा प्रवाह मोहाचा आणि ताडीचा होता. वारली, कातकरी, ठाकूर अशा समाजांत मोहाची फुले अन्न होती, सणाचा भाग होती आणि त्यांची दारूही गाळली जाई. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-दारूवर कर आणि मक्त्यांची घट्ट पकड बसली. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले साठवण्यावरच निर्बंध आले. घरी गाळलेली स्वस्त दारू गुन्हा ठरली आणि मक्तेदाराच्या दुकानातील महाग दारू कायदेशीर. दिवसभर राबलेल्या माणसाने रात्री काय प्यावे, हा प्रश्न सरकारच्या तिजोरीचा प्रश्न झाला. दुधाचा पेला ज्यांच्या दारात दुभते जनावर होते किंवा खिशात पैसा होता त्यांचा. सोज्वळ समजल्या जाणाऱ्या पेयालाही वर्ग असतो.

१२/ आता आग्रा रोडची वाट. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकरांची अनेक कुटुंबे दक्षिणेकडे निघाली आणि बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी येथे स्थिरावली. भिवंडीत कोकणी मुसलमानांची वस्ती आधीपासून होती. नव्या विणकरांनी हातमाग आणले. उत्तरेतील मुस्लिम घरांत आणि यूनानी वैद्यकात झोपेसाठी, डोके शांत होण्यासाठी एक पेय प्रसिद्ध आहे: हरीरा. भिजवलेले बदाम, खसखस आणि टरबुजासारख्या फळांच्या बियांचा मगज बारीक वाटून, तुपावर परतून, दुधात साखरेसह शिजवलेले. खसखशीच्या झाडाचे निद्राकारक गुण अकराव्या शतकात इब्न सीनाने आपल्या ‘कानून’मध्ये वर्णिले होते. मराठी घरातील मसाला दूध आणि उत्तरेचा हरीरा यांच्या साहित्यात फारसे अंतर नाही.

१३/ खसखस ही या कथेतील कळीची वस्तू आहे. ज्या झाडाची ती बी, त्याच झाडाच्या कोवळ्या बोंडाला चिरा दिल्यावर पाझरणारा चीक म्हणजे अफू. बियांमध्ये त्या मादक द्रव्याचा अंश नगण्य असतो, म्हणून खसखस स्वयंपाकघरात राहिली आणि अफू बाजारात गेली. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि त्या व्यापारावर मुंबईतील अनेक मोठ्या पेढ्यांची भरभराट झाली; सर जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तीतही तिचा मोठा वाटा होता. एकाच बोंडातून दोन वस्तू निघाल्या. एक पाट्यावर वाटून दुधात पडली. दुसरीने साम्राज्याची तिजोरी भरली.

१४/ त्या दुसऱ्या वस्तूचा एक छोटा तुकडा मुंबईच्या चाळींत उरला. त्याचे नाव ‘बाळगोळी’. गिरणीत जाणारी आई कामावर असताना तान्हे मूल रडू नये, झोपून राहावे म्हणून त्याला अफूची ही लहान गोळी दिली जाई. १९२० च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने गिरणीकामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांची नेमणूक केली. त्यांना आढळले की या स्त्रियांच्या जवळजवळ सर्वच अर्भकांना अफू दिली जात होती. या आया निर्दय नव्हत्या. मूल सांभाळण्यास कोणी नव्हते, पाळणाघरे अपवादानेच होती आणि भोंगा वाजला की गिरणीत हजर राहावे लागे. मुलाला झोपवण्याची गरज आईची नव्हती. ती कारखान्याच्या घड्याळाची होती.

१५/ याच्या शेजारी बाळगुटी ठेवून पाहावी. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जेष्ठमध, सुंठ, बदाम, खारीक आणि जायफळ, ही तिची परिचित सामग्री. प्रत्येकाचे ठरलेले वेढे दुधाबरोबर सहाणेवर उगाळायचे आणि बाळाला चाटवायचे. मूल शांत व्हावे हाच दोन्हींचा हेतू. तथापि गुटी उगाळायला वेळ लागतो, वेढे मोजणारी आजी किंवा आई घरात असावी लागते, रात्री मूल कसे निजले हे सकाळी पाहून जायफळाचा वेढा कमी-जास्त करावा लागतो. गोळीला यातले काहीच लागत नाही. बाळगोळी आणि बाळगुटी यांतील अंतर औषधाचे आहे तितकेच वेळेचे आहे. ज्या घरातून वेळ काढून घेतला गेला, तेथे गोळी शिरली.

१६/ भिवंडीत १९३० च्या दशकात हातमागांच्या जागी यंत्रमाग येऊ लागले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे कापड मोठ्या प्रमाणावर भिवंडीत विणले जाऊ लागले. माग दिवसरात्र चालतात, पाळ्या बारा-बारा तासांच्या, मजुरी विणलेल्या मीटरवर. एकाच खोलीत दिवसपाळीचे आणि रात्रपाळीचे कामगार आळीपाळीने झोपतात. या जगाचे पेय दूध नाही, चहा आहे. १९३० च्या दशकात चहाच्या उत्पादकांसाठी काम करणाऱ्या इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्डाने कारखाने आणि रेल्वे स्थानके यांत चहाचा पद्धतशीर प्रचार केला. चहा थकलेल्याला पुन्हा कामावर उभे करतो; दूध त्याला अंथरुणाकडे पाठवते. कोणते पेय कोणाच्या हाती आले, यावरून त्याच्याकडून काय अपेक्षा होती हे कळते.

१७/ एक रात्र मात्र अशी आहे की जेव्हा हेच झोपेचे दूध जागण्यासाठी प्यायले जाते. आश्विन पौर्णिमेची कोजागरी. ‘को जागर्ति’, कोण जागे आहे, असे विचारीत लक्ष्मी फिरते अशी श्रद्धा. केशर, वेलची, जायफळ, बदाम, पिस्ते घालून आटवलेले दूध चांदण्यात ठेवून मग वाटले जाते. हा विरोधाभास वरवरचा आहे. पावसाळा संपून पिके हाताशी आलेली असतात, गोठ्यात दूध भरपूर असते. त्या रात्री जागणे स्वतःच्या इच्छेचे आणि चारचौघांच्या सोबतीचे असते, आणि जागून झाल्यावर पुरेशी झोपही मिळते. यंत्रमागाच्या जागरणाशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

१८/ स्वातंत्र्यानंतरचे एक वर्ष येथे नोंदवले पाहिजे: १९४९. त्या वर्षी तत्कालीन मुंबई प्रांतात मुंबई दारूबंदी कायदा संमत झाला. त्याच वर्षी गोरेगावजवळ आरे दूध वसाहत सुरू झाली. शहराच्या दाट वस्तीतील तबेल्यांतून म्हशी बाहेर काढायच्या, त्यांना स्वच्छ गोठे द्यायचे आणि लोकांना तपासलेले दूध पुरवायचे, ही योजना दारा खुरोडी यांनी उभी केली. पुढे १९६३ मध्ये त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एकाच सरकारने एकाच वर्षी दारूचा पेला काढून घेण्याचा आणि दुधाचा पेला हाती देण्याचा प्रयत्न केला. पहिला पुरता साधला नाही. दुसऱ्याने मुंबईच्या साध्या घरांतही बाटलीतले दूध पोचवले.

१९/ जायफळाची मक्तेदारीही कालांतराने संपली. १७७० च्या सुमारास पिएर प्वाव्र या फ्रेंचाने रोपे मॉरिशसला नेली. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात बांदा काही वर्षे इंग्रजांकडे होते. तेव्हा त्यांनी रोपे पेनांग, श्रीलंका अशा ठिकाणी हलवली. आज केरळात जायफळ मोठ्या प्रमाणावर होते आणि कोकणात नारळ-सुपारीच्या सावलीत ते आंतरपीक म्हणून घेतले जाते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जाती दिल्या आहेत. ज्या फळासाठी बेटे उजाड झाली ते आता परसात लावता येते.

२०/ कृती, दोन माणसांसाठी. एक चमचा खसखस आणि पाच-सहा बदाम दोन तास भिजवावेत. बदाम सोलून दोन्ही थोड्या दुधात गंधासारखे बारीक वाटावे. अर्धा लिटर म्हशीचे दूध मंद आचेवर ठेवावे, तळाला लागू नये म्हणून ढवळत राहावे. दूध थोडे आटले की वाटण आणि दोन चमचे खडीसाखर घालून पाच-सात मिनिटे उकळू द्यावे. पातेले खाली उतरवून वेलचीची चिमूटभर पूड घालावी. जायफळाचे तीन-चार वेढे सहाणेवर दुधात उगाळून ते शेवटी मिसळावे. उकळत्या दुधात घातल्यास सुगंध उडतो. या पातेल्यापासून त्या पातेल्यात दोनदा उंचावरून ओतले की फेस येतो आणि दूध पिण्याजोगे कोमट होते.

२१/ सावधगिरीचा शब्द. जायफळात मिरिस्टिसिन नावाचे द्रव्य असते. वेढ्यांच्या प्रमाणात ते निरुपद्रवी. परंतु चमच्याच्या मापाने पूड घेतल्यास धडधड, मळमळ, भ्रम अशी विषबाधा होते आणि ती काही तासांनी उमटत असल्याने माणूस ‘अजून थोडे’ म्हणत चुकतो. गर्भवतींनी आणि तान्ह्या मुलांसाठी वैद्यकीय सल्ल्याखेरीज जायफळ वापरू नये. गुटीलाही हाच नियम. दुधात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असते, पण एका पेल्यातील त्याचे प्रमाण झोप आणण्याइतके मोठे नसते. मग हा पेला लागू का पडतो? बहुधा त्याच्या आधीच्या अर्ध्या तासामुळे: भिजवणे, वाटणे, ढवळणे, थांबणे.

२२/ चरकाच्या यादीत दूध आणि मद्याच्या पाठोपाठ एक शब्द होता: मनाचे सुख. तो सहाणेवर उगाळता येत नाही. या पेल्याचा इतिहास पाहिला तर दूध, जायफळ, खसखस या वस्तू हळूहळू स्वस्त होत गेल्या; बांदाचे फळ दापोलीत आले, म्हशीचे दूध पिशवीतून घरी आले. दुर्मीळ राहिली ती निवांत रात्र. १९२२ साली ती गिरणीतील आईला नव्हती आणि आज भिवंडीच्या मागावर उभ्या असलेल्या माणसालाही ती सहजी नाही. घरातील वृद्धांना विचारून पाहावे: त्यांच्या लहानपणी झोपेआधीचा हा पेला कोण करीत असे, आणि तो करणारे माणूस स्वतः किती वाजता झोपत असे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ग्रंथांत नोंदलेले नाही. ते आत्ताच लिहून ठेवले पाहिजे.